वकिलाचं पत्र

मराठी घरात 'वकिलाचं पत्र आलंय' हे तीन शब्द पुरतात. गॅसवरचं दूध कुणाच्या लक्षात राहत नाही, हातातला पेपर खाली ठेवला जातो आणि पाकीट फोडायच्या आधीच घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात आपले अपराध मोजायला लागतो. गावाकडच्या जमिनीचं असेल का? धाकट्यानं कुणाला जामीन राहून ठेवलंय का? की वरच्या मजल्यावरून गळणाऱ्या पाण्याबद्दल आपण सोसायटीच्या ग्रुपवर जे तोंडसुख घेतलं ते? टपाल खात्यानं २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, पण ते पाकीट हातात पडल्यावर पोटात उठणारा गोळा काही कुठे विलीन झालेला नाही. आत लिहिलेलं असतं, 'पंधरा दिवसांच्या आत'. पंधरा दिवसांनंतर नेमकं काय होतं, हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. मग शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे वाक्य कुणीतरी म्हणतं आणि त्या वाक्यानंतर सगळे गप्प बसतात.

वकिलाकडून येणाऱ्या आणखी एका प्रकारच्या पत्राबद्दल मला लिहायचं आहे. त्यात मागणी नसते, मुदत नसते, 'खर्चास तुम्ही जबाबदार राहाल' हे शेवटचं वाक्य नसतं. आपल्याच वकिलानं आपल्याच अशिलांना महिन्या-दोन महिन्यांनी पाठवलेलं दोन पानांचं वार्तापत्र. इंग्रजीत न्यूजलेटर. फोर्ट-नरिमन पॉइंटच्या मोठ्या लॉ फर्म ते कंपन्यांना वर्षानुवर्षं पाठवतात. नवी मुंबईतल्या सीवूड्ससारख्या ठिकाणी, दोन वकील, एक ज्युनिअर आणि एक क्लार्क एवढाच पसारा असलेल्या कार्यालयानं ते सुरू केलं तर काय होईल? गणितात 'समजा' म्हणतात, तसं हे कार्यालय समजू. पण त्याच्या भोवतीचं बाकी सगळं, म्हणजे गाव, कायदा, नियम आणि तारखा, खरं आहे.

दारावे, करावे आणि सेक्टर ४८

हार्बर मार्गावर बेलापूरच्या अलीकडचं स्टेशन सीवूड्स-दारावे. डोक्यावर मॉल आणि पायाखाली लोकल, अशी त्याची रचना आहे. सीवूड्स हे नाव अलीकडचं. परदेशस्थ भारतीयांसाठी वसवलेल्या 'सीवूड्स इस्टेट्स'वरून ते सगळ्या परिसराला चिकटलं. रिक्षावाल्याला आजही 'एनआरआय' एवढं सांगितलं तरी तो बरोबर नेऊन सोडतो. दारावे आणि करावे ही गावं मात्र त्याच्या कितीतरी आधीची, आगरी-कोळ्यांची.

१७ मार्च १९७० रोजी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर उभं राहिलं. इथला प्रत्येक कायदेशीर प्रश्न फिरून फिरून त्या एका घटनेपाशी येतो. टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहणारा माणूस स्वतःला मालक समजतो. पण इमारतीखालची जमीन सिडकोनं ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली असते. घर विकायला काढलं की विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये तिसरी खुर्ची सिडकोची असते: हस्तांतरणाची परवानगी, तिचं शुल्क, तिची कागदपत्रं. भाडेपट्ट्याची मुदत वाढवण्याच्या, जमीन मालकी हक्कानं देण्याच्या घोषणा झाल्या की सोसायट्यांच्या ग्रुपवर पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी 'म्हणजे आपल्याला नक्की काय मिळालं?' असा प्रश्न येतो. गावठाणात राहणाऱ्यांचे प्रश्न वेगळे. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला साडेबारा टक्के योजनेतला भूखंड, त्यावर भावाभावांचे हक्क, आणि 'गरजेपोटी बांधलेली घरं' हा सरकारी कागदांतला शब्दप्रयोग, जो इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतो.

इथले रोहित पक्षीसुद्धा कोर्टातून सुटलेले नाहीत. टी. एस. चाणक्य या नौप्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवर हिवाळ्यात गुलाबी रंग पसरतो तो पाहायला अख्खी मुंबई येते. त्याच बाजूच्या पाणथळींवर गोल्फ कोर्स आणि घरं बांधण्याच्या योजनेविरुद्ध रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं २०१८ साली ती योजना रोखली आणि प्रकरण पुढे दिल्लीला गेलं.

म्हणजे वकिलाच्या कार्यालयासाठी जागा झकास. न्यायालय, सिडको भवन, कोकण भवन, महापालिकेचं मुख्यालय सगळं एका स्टेशनावर, बेलापुरात. आणि अशील? तोच टॉवरमधला निवृत्त मुख्य अभियंता, तीच करावे गावातली विधवा सून, तोच केरळहून चाळीस वर्षांपूर्वी आलेला आणि आता मृत्युपत्र करायचं म्हणणारा गृहस्थ. वर्षातून एकदा, फार तर दोनदा येणारे. मधल्या काळात ते काय करतात? व्हॉट्सॲपवर कायदा शिकतात. घोळ तिथेच सुरू होतो.

गळ टाकायची मनाई

समजलेल्या कार्यालयातल्या दोन वकिलांनी वार्तापत्र काढायचं ठरवलं, तर पहिली अडचण पैशाची नसते. पहिली अडचण म्हणजे त्यांचा स्वतःचाच धंदा, ज्याला धंदा म्हणायचीही सोय नाही.

ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ सालचा. त्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियानं केलेल्या आचारनियमांतला ३६वा नियम सांगतो की वकिलानं काम मिळवण्यासाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करायची नाही. परिपत्रकं काढून नाही, दलाल लावून नाही, ओळख नसताना भेटीगाठी घेऊन नाही, स्वतः लढवत असलेल्या खटल्यात फोटो छापून आणून नाही. दारावरची पाटीसुद्धा बेताची हवी, आणि 'अमुक प्रकारच्या कामातले तज्ज्ञ' असं तिच्यावर लिहायचं नाही. दंतवैद्य आपल्या दवाखान्याबाहेर हसऱ्या दातांचा दिवा लावू शकतो. वकिलाला तेवढीही मुभा नाही.

हा नियम कुणाच्या सोवळेपणातून आला असं वाटत असेल, तर महाराष्ट्रातलंच एक प्रकरण आठवावं. 'बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर' या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९७५ साली दिला. मुंबईतल्या एस्प्लनेडच्या दंडाधिकारी न्यायालयाच्या दाराशी काही वकील उभे राहतात, पक्षकार दिसला की त्याच्या अंगावर धावून जातात, त्याच्या हातातली कागदं ओढतात आणि एकमेकांपेक्षा कमी फी सांगून त्याला पटवतात, असा आरोप होता. एस. टी. स्टँडवर उतरलेल्या प्रवाशाला रिक्षावाले घेरतात तेच दृश्य, काळ्या कोटातलं. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा की वकिली हा व्यापार नाही आणि खटले म्हणजे बाजारात मांडलेला माल नाही. देशातल्या वकिलीच्या वर्गांत तो निकाल आजही शिकवला जातो.

अमेरिकेत त्यानंतर दोनच वर्षांनी पारडं उलट बाजूला झुकलं. ॲरिझोनातल्या दोन तरुण वकिलांनी साध्या घटस्फोटाची, नाव बदलण्याची फी वर्तमानपत्रात छापली. त्यांच्यावर कारवाई झाली, आणि १९७७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला. तेव्हापासून तिथे बसच्या पाठीवरही वकील हसताना दिसतात. आपल्याकडे नियम थोडा सैल झाला तो २००८ साली. वकिलाला संकेतस्थळावर नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं देण्याची परवानगी मिळाली. बस्स. जुलै २०२४मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं वकिलांच्या सेवा ऑनलाइन यादीत दर लावून विकणाऱ्या कंपन्यांना आणि त्यात नाव घालणाऱ्या वकिलांना चांगलंच फटकारलं. मार्च २०२५मध्ये बार कौन्सिलनं समाजमाध्यमांवर जाहिरातबाजी करणाऱ्यांना पुन्हा बजावलं.

मग वार्तापत्र या मनाईत बसतं का? अनोळखी माणसाला पाठवलेलं, 'आमच्याकडे या' म्हणणारं पत्रक उघड उघड बसतं. स्वतःच्या अशिलाला, त्याच्या संमतीनं, कायद्यात काय बदललं ते कळवणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. दोन्हींमधली भिंत पातळ आहे, आणि ती सांभाळायची तर काय टाळायचं ते आधी ठरवावं लागतं. जिंकलेल्या खटल्याची बातमी नको. अशिलांची प्रशस्तिपत्रं नकोत. दिवाळीच्या शुभेच्छांसोबत भागीदाराचा हात जोडलेला फोटो नको. 'मोफत पहिला सल्ला' तर नकोच नको. सोसायटीच्या ग्रुपवर 'फॉरवर्ड करा' हेही नको.

एवढं सगळं वजा केल्यावर पत्रात उरतं काय? फक्त उपयोगाचा मजकूर. दुसऱ्या कुठल्याही व्यवसायाच्या वार्तापत्रात माहितीच्या पिठात जाहिरातीची भेसळ चालते. वकिलाला ती सोयच नाही. ज्या नियमाला तरुण वकील अडसर समजतात, तोच नियम त्यांच्या पत्राला चांगलं व्हायला भाग पाडतो. माझ्या मते वकिलाच्या वार्तापत्राचं सगळं गमक या एका गोष्टीत आहे. ज्याला काही विकायचंच नाही, त्याला काहीतरी सांगावं लागतं.

पूर्वसुरी

वकिलानं लोकांसाठी लिहिण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. विश्वनाथ नारायण मंडलिक हे दापोलीजवळच्या मुरुडचे, मुंबई उच्च न्यायालयातले नामवंत वकील. त्यांनी १८६४मध्ये 'नेटिव्ह ओपिनियन' काढलं, इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत. व्यवहारमयूख आणि याज्ञवल्क्यस्मृतीचं इंग्रजी भाषांतर करणारा हा माणूस सामान्य वाचकाला सरकारी कायद्याचा अर्थही सांगत होता. रतनलाल आणि धीरजलाल यांचा 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' १८९९पासूनचा. तो वकिलांसाठी वकिलांनी काढलेला, आणि महाराष्ट्रातल्या जुन्या वकिलाच्या कार्यालयात त्याच्या चामडी पाठीच्या खंडांशिवाय भिंत पुरी होत नसे.

पण आपल्या कामाचा आदर्श याहून जवळचा आहे: नानी पालखीवाला. प्राप्तिकराच्या कायद्यातला हा दिग्गज १९५८ साली मुंबईच्या ग्रीन्स हॉटेलच्या लहानशा सभागृहात नव्या अर्थसंकल्पावर बोलला. दरवर्षी ऐकणारे वाढत गेले, सभागृह पुरेना, म्हणून ब्रेबॉर्न स्टेडियमवर व्याख्यान व्हायला लागलं. अर्थसंकल्प ऐकायला क्रिकेटचं मैदान लागावं, ही गोष्ट जगात दुसरीकडे घडल्याचं कुणी सांगत नाही. हातात टिपण नाही, आकडे तोंडपाठ, आणि ऐकणाऱ्यांत गिरणी मालकापासून पगारदार कारकुनापर्यंत सगळे. त्यातल्या किती जणांना पालखीवाला यांची फी परवडली असती? पण घरी जाताना प्रत्येकाला आपला कर किती ते कळलेलं असे.

दुसरा धडा मुंबई ग्राहक पंचायतीचा. १९७५च्या गुढीपाडव्याला सुरू झालेली ही चळवळ शेजाऱ्यांचे संघ करून त्यांना महिन्याचा किराणा पोचवते. तांदूळ-डाळीच्या गोणीबरोबर ग्राहकाचे हक्कही घरात यायला लागले ते 'ग्राहक तितुका मेळवावा' या मासिकातून. मजकूर वाचायला लावायचा तर तो रोजच्या गरजेच्या वस्तूला बांधून पाठवावा, हे त्यांना फार आधी उमगलं होतं.

आणि तिसरा, भिंतीवरचा. जयंतराव साळगावकरांचं 'कालनिर्णय' १९७३पासून मराठी घरात लटकतंय. पुढच्या बाजूला तारखा, मागच्या बाजूला मजकूर. दूधवाल्याचा खाडा लिहिता लिहिता माणूस मागचं पान वाचतो. वकिलाच्या वार्तापत्रानं दुसरं काही शिकू नये, पण एवढं शिकावं की तारीख पुढे हवी आणि ज्ञान तिच्या पाठीवर.

पहिला अंक

कारण कायदा म्हणजे शेवटी तारखांचाच कारभार. म्हणून समजलेल्या कार्यालयाच्या पहिल्या अंकाचं पहिलं पान मी तारखांना देईन.

चेक वटला नाही, तर बँकेकडून तसं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. ते उलटले की एका महिन्याच्या आत तक्रार. यातली एक तारीख हुकली की चेकच्या कायद्यातल्या कलम १३८खालचा हक्काचा मार्ग सहसा अडतो, मग वकील कितीही मोठा असो. आणि इथेच 'पंधरा दिवसांनंतर काय' या सुरुवातीच्या कोड्याचं उत्तरही आहे. चेकच्या प्रकरणात ते १५ दिवस कायद्यानं दिलेले असतात. त्या मुदतीत पैसे भरले तर गुन्हा घडतच नाही. इतर बहुतेक नोटिशींतले पंधरा दिवस मात्र समोरच्या वकिलानं आपल्या अंदाजानं घातलेले असतात. ते संपले म्हणून सोळाव्या दिवशी दारात पोलीस उभे राहत नाहीत. उत्तर मात्र द्यावं, आणि शक्यतो त्या मुदतीतच. एवढी चार वाक्यं ज्या घरात पोचली, त्या घरातलं पुढचं पाकीट थोड्या कमी थरथरत्या हातानं उघडलं जाईल.

दुसरं पान सोसायटीचं. महापालिका हद्दीत सदनिका हस्तांतरणाचं अधिमूल्य २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे २००१ सालापासून सरकारनं सांगून ठेवलंय. घर भाड्यानं दिलं तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, हेही त्याच वर्षीचं. तरी सर्वसाधारण सभेत दरवर्षी कुणीतरी 'ऐच्छिक देणगी'चा विषय काढतोच. भाड्यानं देताना करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ही जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, आणि वाद झाला तर भाडेकरूनं सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात. 'ओळखीतला मुलगा आहे, कशाला नोंदणी' म्हणणाऱ्या काकांना हे शेवटचं वाक्य पुरेल.

पुनर्विकासाला वेगळा अंक लागेल. ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयानं बैठक कशी घ्यायची, चित्रीकरण कसं करायचं, संमती कशी नोंदवायची हे सगळं ठरवून दिलंय. ते न वाचता बिल्डरच्या चहापानाला गेलेल्या सोसायट्यांची संख्या मोजायच्या फंदात मी पडत नाही.

दुसऱ्या पानाचा उरलेला भाग वारशाचा, आणि इथे 'कालनिर्णय' पुन्हा भेटतं. बँकेत, डिमॅट खात्यात, सोसायटीत आपण नॉमिनी लावतो आणि घरातल्या माणसांना वाटतं, नॉमिनी म्हणजे वारस. जयंतराव साळगावकरांच्या मृत्युपत्रातल्या गुंतवणुकींवरून उद्भवलेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ डिसेंबर २०२३ रोजी 'शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर' या निकालात न्यायालयानं स्पष्ट केलं की शेअर्सवर नाव लावलेला नॉमिनी त्यांचा अंतिम मालक होत नाही. मालकी मृत्युपत्रानं किंवा वारसा कायद्यानंच ठरते. सोसायटीतल्या सदनिकेसाठी २०१९च्या दुरुस्तीनं सहकार कायद्यात वेगळी कलमं आली, ज्यांत वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेण्याची सोय आहे. म्हणजे नॉमिनी हा किल्ली सांभाळणारा शेजारी. घर त्याच्या नावावर होत नाही. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार लागतातच. हे एवढं सीवूड्समधल्या प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघात वाचून दाखवण्याजोगं आहे.

शेवटच्या कोपऱ्यात गंमत. कुणी फसवलं की आपण त्याला 'चारशे वीस' म्हणतो. १८६०च्या भारतीय दंड संहितेतलं ते कलम १ जुलै २०२४पासून इतिहासजमा झालं. भारतीय न्याय संहितेत फसवणूक ३१८व्या कलमात आहे. आता 'तो पक्का तीनशे अठरा आहे' असं म्हणायला मराठी माणसाला किती वर्षं लागतील, याची चौकट करून ठेवावी.

अभिहस्तांतरण म्हणजे काय रे भाऊ

एवढं लिहिलं तरी भाषा आडवी येतेच. १९९८पासून महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. भाषा संचालनालयाचा 'न्याय व्यवहार कोश' आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मराठीत उपलब्ध होऊ लागले आहेत. तरीही सोसायटीच्या सचिवाला 'मानीव अभिहस्तांतरण' हा शब्द दिसला की तो कागद अध्यक्षांकडे सरकवतो आणि अध्यक्ष वकिलाकडे. 'डीम्ड कन्व्हेयन्स' म्हटलं की त्याला लगेच कळतं. बिल्डरनं जमिनीचा हक्क सोसायटीच्या नावे करून दिला नाही, तर सरकारी अधिकाऱ्याकडून तो एकतर्फी करून घेण्याचा मार्ग, २००८च्या दुरुस्तीनं मिळालेला. सीवूड्समध्ये तर कन्व्हेयन्सच्या जागी बहुधा भाडेपट्ट्याचा दस्त असतो, म्हणजे तो शब्दही अपुरा.

चांगलं वार्तापत्र सरकारी शब्द टाळणार नाही, कारण अर्ज त्याच शब्दांत करावा लागतो. ते दोन्ही शब्द शेजारी ठेवील आणि तिसरं वाक्य माणसासारखं लिहील. कोर्टाची मराठी मुळात इतकी परकी नाही. कुलमुखत्यारपत्र, वकालतनामा, फेरफार, ताबा, दस्त, तारीख: यातला निम्मा ऐवज फारसीतून आला आणि पेशवाईच्या दफ्तरात घोळून मराठी झाला. करावे गावातल्या आजीला 'म्युटेशन' कळणार नाही, 'फेरफार झाला का' हे ती तुमच्याआधी विचारील. टॉवरमधल्या तमिळ शेजाऱ्यासाठी इंग्रजी आवृत्ती लागेल. गावठाणातल्या घरांसाठी कदाचित दोन मिनिटांची आवाजी टिपणी जास्त कामाची. मजकूर एकच, कान वेगवेगळे.

काय लिहायचं नाही

वार्तापत्र काढणाऱ्याला सगळ्यात मोठा मोह गोष्टीचा होतो. 'नुकतंच आमच्याकडे एक प्रकरण आलं' अशी सुरुवात केली की वाचक पुढे सरसावतो. पण अशिलानं वकिलाला सांगितलेली गोष्ट वकिलाच्या पोटातच राहिली पाहिजे. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १३२वं कलम तेच सांगतं, आणि अशील गेल्यावरही ते बंधन संपत नाही. नाव बदलून भागत नाही. सीवूड्स एवढं लहान आहे की 'सेक्टर ४८मधल्या एका सोसायटीत, लिफ्टच्या कामावरून' एवढं लिहिलं तरी संध्याकाळी पाम बीच रोडवर चालायला निघालेल्या चार जणांपैकी तिघं सोसायटीचं नाव सांगतील आणि चौथा अध्यक्षाचं. म्हणून गोष्टी घ्यायच्या त्या प्रसिद्ध निकालांतून. तिथे गोष्टींचा तुटवडा नाही.

दुसरी मर्यादा पत्त्यांच्या यादीची. खटल्यासाठी दिलेला फोन नंबर वार्तापत्रासाठी दिलेला नसतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ सालचा आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरा, हे त्याचं सार. वकिलानंच ते मोडलं तर पहिल्या अंकातला उपदेश कोण ऐकेल? तेव्हा विचारून पाठवायचं, आणि 'नको' म्हटलं की थांबायचं.

तिसरी मर्यादा वेळेची. पहिला अंक उत्साहात निघतो, दुसरा उन्हाळी सुट्टीत, तिसऱ्याच्या वेळी एका भागीदाराची ठाण्याला उलटतपासणी असते आणि चौथा निघतच नाही. कायदा मात्र थांबत नाही. शासन निर्णय निघतात, शुद्धिपत्रकं निघतात. जुना अंक कुणाच्या तरी फोनमध्ये तसाच पडून राहतो आणि दोन वर्षांनी कुणीतरी तो पुरावा म्हणून समोर धरतं. म्हणून प्रत्येक पानावर तारीख हवी आणि 'या तारखेपर्यंतची माहिती' हे शब्द ठळक हवेत. चूक झाली तर पुढच्या अंकात पहिल्या पानावर, तितक्याच ठळकपणे कबूल करायची. वर्तमानपत्रं ती आतल्या पानावर ढकलतात. वकिलाला ती सवलत परवडत नाही, कारण त्याच्या शब्दावर कुणीतरी सही करणार असतं.

मग वकिलाला काय मिळतं?

हा प्रश्न समजलेल्या कार्यालयातला ज्युनिअर विचारीलच. रात्री अकराला मजकूर तोच टाइप करत असतो. लोकांना सगळं आधीच कळलं तर येतील कशाला?

त्याचं उत्तर कार्यालयाच्या कपाटात आहे. छोट्या वकिलाचा महिना खटल्यांवर चालतो हा सिनेमातला समज. खरा महिना चालतो करारांवर, दस्तांवर, शोध अहवालांवर, सोसायट्यांच्या वार्षिक सल्ल्यावर. ही सगळी कामं भांडण व्हायच्या आधीची. वार्तापत्र वाचलेला अशील करार झाल्यावर येत नाही, करायच्या आधी येतो. त्यानं अर्धी कागदपत्रं आणलेली असतात. त्याचा प्रश्न नेमका असतो. तासाभराचं काम वीस मिनिटांत होतं. आणि खटला करायची वेळ आलीच, तर तो मुदतीत आलेला असतो. एकतिसाव्या दिवशी चेक घेऊन आलेल्या माणसाला 'उशीर झाला' सांगताना वकिलाला जे वाटतं, ते फीमध्ये मोजता येत नाही.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण वकिलाच्या विरुद्ध आहे असं आपण धरून चालतो. पण पायरी कुठली आणि ती कुठून सुरू होते, हे ठाऊक असल्याशिवाय ती टाळायची कशी? ते सांगायला वकिलाइतका योग्य माणूस नाही, आणि नियमानं त्याला दुसरं काही सांगायची मनाईच आहे.

सोसायटीच्या सूचना फलकावर टाकी धुण्याची तारीख, लिफ्टचा बंद काळ आणि गणेशोत्सवाची वर्गणी यांच्या शेजारी ते दोन पानी पत्र टाचणीनं लागलेलं मला दिसतं. सचिवानं ते वकिलाला विचारून लावलेलं आहे. खाली एका आजोबांनी पेन्सिलीनं '२५,०००' या आकड्याभोवती गोल काढलाय. आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी फोनकडे बघत स्वयंपाकघरात ओरडून सांगतंय, 'अगं, वकिलाचं पत्र आलंय.' दूध उतू जाईलही कदाचित. पण यावेळी ते वाचण्याच्या नादात.